त्रिंबक आगलाव्यांचं तिकीट

नाटकात टेलिफोन वाजला की प्रेक्षक फोन उचलणाऱ्या नटाकडे बघतात. तो काळा, जड, गोल तबकडीचा फोन आला कुठून, हे कुणी विचारत नाही. दिल्लीतल्या ‘यमुनातीर नाट्यमंडळा’च्या नाटकांत तो गेली सव्वीस वर्षं शांताराम कोळवणकरांच्या दोन नंबरच्या ट्रंकेतून येत होता.

शांतारामकाका सरकारी खात्यातले कारकून. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला, आणि संध्याकाळी मंडळाच्या तालमी. रंगमंचावर ते कधी दिसले नाहीत. पण नायकाच्या हातातली काठी, नायिकेच्या हातातला करंडा, सासऱ्याची तपकिरीची डबी, पोस्टमननं आणलेली तार, सगळं त्यांनी जमवलेलं. आणि सगळं खरं! रिकाम्या कपातून चहा पिण्याचा अभिनय त्यांना चालायचा नाही. विंगेत स्टोव्ह पेटवून गरम चहा आत पाठवायचे. नाटकात पत्र आलं की ते पत्र पूर्ण लिहिलेलं असायचं, ‘सौ. ताईस अनेक आशीर्वाद’पासून खालच्या सहीपर्यंत.

“अहो काका, कोण वाचणार आहे ते?” असं कुणी विचारलंच, तर ते म्हणायचे, “पहिल्या रांगेत एखादा तरी डोळस माणूस बसतोच. त्याची फसवणूक नको.”

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं. पुढे पत्नीही गेली, आणि काका नोएडात मुलाकडे राहायला आले. बरोबर एक बॅग कपडे आणि चार ट्रंका. मुलगा सुधन्वा आणि सून केतकी, दोघंही कंपनीत नोकरीला. माणसं मायेची, पण फ्लॅट दोन खोल्यांचा. ट्रंका बाल्कनीत राहिल्या, वर प्लॅस्टिक टाकून.

केतकीनं तीन वर्षं चकार शब्द काढला नाही. यंदा मात्र तिचं अर्धं काम घरून सुरू झालं.

“बाबा, बाल्कनी बंद करून घ्यायची म्हणतोय आम्ही. मला टेबल टाकायला जागाच नाहीये, यार,” ती म्हणाली. ‘यार’ सासऱ्याला म्हणायचं नसतं हे तिच्या मागाहून लक्षात आलं आणि ती हसली. “दिवाळीपर्यंत ट्रंकांचं काहीतरी बघाल का? घाई नाही. पण दिवाळीपर्यंत.”

“बिल्कुल,” काका म्हणाले. त्या दुपारी त्यांनी सोसायटीच्या फाटकाशी भंगारवाल्याची हातगाडी पाहिली. तराजूवर तो फोन कसा दिसेल, तेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

मंडळाकडे जागा मागून झाली होती. एकदा नव्हे, अनेकदा. मंडळाच्या अध्यक्ष आणि दिग्दर्शक अरुणाताई मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकारी. तालमी त्यांच्याच लक्ष्मीबाई नगरच्या बंगलीवजा क्वार्टरमध्ये चालत. मागे एक खोली रिकामीच होती. पण ताईंचं उत्तर ठरलेलं, “बघू या शांतारामजी, पुढच्या मीटिंगला घेऊ.” तो विषय गेल्या कित्येक मीटिंगांत पुढच्या मीटिंगला गेला होता.

अशात गणपती आले आणि मंडळानं ‘आगलाव्यांचं नशीब’ हा फार्स लावला.

नाटकाचा नायक त्रिंबक दामोदर आगलावे. पहिल्या अंकात तो लॉटरीचं तिकीट घेतो आणि चोरीला जाऊ नये म्हणून पाठीमागे झोकात सही ठोकतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको टोमणा मारते, तो भडकतो आणि तिकिटाचे तुकडे करून उधळतो. तिसऱ्या अंकात त्याच नंबराला बक्षीस लागतं. सोपी गोष्ट, पण प्रेक्षक खुर्चीत मावत नाहीत.

आता दर प्रयोगाला एक तिकीट फाटणार, म्हणजे दर प्रयोगाला एक तिकीट हवं. दुसऱ्या कुणी रंगीत कागद कापून दिला असता. काका पडले काका! दिल्लीत लॉटरीवर बंदी, दुकान कुठलं शोधायचं? सरोजिनी नगरच्या बाजारात पानिपतहून चादरी घेऊन येणारा एक ट्रकवाला त्यांच्या जुन्या ओळखीचा होता. तो पंजाबात फेरी झाली की तिकीट आणून द्यायचा. पैसे काका खिशातून द्यायचे. खर्चाची चिठ्ठी खजिनदाराला द्यायची त्यांना नेहमीच लाज वाटे. सहीसाठी जे पेन असे त्यात शाईही भरलेली असे, हे वेगळं सांगायला नको.

नायकाचं काम यशोधन करत होता. पुण्याचा पोरगा, गुरुग्रामच्या आयटी कंपनीत; देखणा, गोड गळ्याचा, आणि पाठांतराच्या नावानं शंख. गणपतीतल्या एका प्रयोगाला दुसऱ्या अंकात बायकोनं टोमणा मारला आणि गडी थेट दीड पान ओलांडून पुढे गेला! तिकीट फाडायचं राहिलंच. प्रॉम्प्टर विंगेतून ओरडून दमली. शेवटी काकांनी खूण केली आणि पडदा पडला. तिसऱ्या अंकात बायकोनं ‘तुम्हीच फाडलंत ना!’ म्हणून सांभाळून घेतलं, प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. टाळ्या कडकडून पडल्या.

प्रयोगानंतर सगळे वडापाववर तुटून पडले, तेव्हा काका नेहमीप्रमाणे यादी घेऊन ट्रंकेशी बसले. त्रेचाळीस वस्तू रंगमंचावर गेल्या होत्या. बेचाळीस परत यायला हव्यात. आल्या त्रेचाळीस. कोटाच्या खिशात तिकीट होतं.

ते त्यांनी तपकिरीच्या डबीत ठेवून दिलं.

दोन आठवड्यांनी ट्रकवाला भेटला, त्यानं सोडतीचा निकाल छापलेला कागद दिला. आजवर काकांच्या प्रत्येक तिकिटाचे सोडतीआधीच तुकडे झाले होते, त्यामुळे नंबर बघायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. सगळे आकडे जुळत होते. दोन लाख!

काकांनी मनातल्या मनात क्वार्टरांजवळच्या कोटला वस्तीत एक खोली भाड्यानं घेतली, फळ्या ठोकल्या, फोन वरच्या फळीवर ठेवला. मग त्यांनी अरुणाताईंना फोन लावला. नसता लावला तर कुणाला कळलं असतं? पण उसनी आणलेली टाचणीसुद्धा परत करणारा हा माणूस. नाटकातली वस्तू शिल्लक राहिली तर दिग्दर्शकाला सांगायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

“ताई, आपल्या तिकिटाला बक्षीस लागलंय. मला वाटतं, ट्रंकांसाठी जागेचं...”

“आपल्या! वा शांतारामजी, वा! म्हणजे नवे स्पॉटलाइट आले!”

रविवारी बैठक बसली. अरुणाताई सोफ्यावर मधोमध, समोर कांदेपोहे, मांडीवर इतिवृत्ताची वही.

“तिकीट मंडळाचं आहे. प्रश्नच नाही,” त्यांनी सुरुवात केली.

“एक मिनिट, ताई,” यशोधननं पोह्यांची बशी खाली ठेवली. “ते तिकीट जिवंत आहे कुणामुळे? मी विसरलो म्हणून!”

“विसरल्याचं मानधन मागतोस? लाज आहे का रे?”

“दीड पान गाळल्याबद्दल त्या दिवशी इतकं ऐकवलंत. आता त्याच दीड पानाचे दोन लाख झाले. निदान अर्धे तरी!”

काका हळू आवाजात म्हणाले, “तिकिटाचे पैसे मी दिले होते.”

खजिनदार शशिकांतनं वही चाळली. तिकिटाचा खर्च कुठेच नव्हता. नसणारच.

“बिल कुठाय, शांतारामजी?” ताईंनी विचारलं. “बिल द्या, आत्ता पैसे देते. सव्वीस वर्षांची सगळी बिलं द्या.”

“बिल नाही. आणि पैसे नकोत. मला फक्त एक खोली...”

“तो विषय पुढच्या मीटिंगला.”

तास-दीड तास जुंपली. काकांचा आवाज कधी नव्हे तो चढला. ज्या माणसानं सव्वीस वर्षं विंगेतून फक्त खुणा केल्या, तो बोलतोय हेच सगळ्यांना नवल. शेवटी ताईंनी पेन उघडलं. सरकारी मसुदे लिहिण्यात हात मुरलेला. उभं राहून त्यांनी ठराव वाचला, एखादं स्वगत म्हणावं तसा:

“मंडळाच्या कोणत्याही नाटकात वापरली गेलेली प्रत्येक वस्तू, ती कोणीही आणलेली असो व तिचे पैसे कोणीही दिलेले असोत, मंडळाच्या मालकीची राहील. अशा सर्व वस्तूंची साठवण व राखण अध्यक्ष स्वतःच्या निवासस्थानी करतील.”

शेवटचं वाक्य तिकीट आपल्या कपाटात राहावं म्हणून. सात विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला. काकांनी विरोधात हात वर केला आणि मग बाकीच्यांसारखीच निमूट सही केली. तिकीट पाकिटात, पाकीट कपाटात, किल्ली ताईंच्या पर्समध्ये गेली.

तिकीट पंजाबचं, म्हणून बक्षीस घ्यायला चंदीगडला जायचं होतं. गाडी यशोधनची. त्याला अजूनही वाट्याची आशा. पुढे ताई, मागे काका. सोनीपत गेलं, पानिपत गेलं. गाडीत स्पॉटलाइटच्या किमतींवर चर्चा. काका खिडकीबाहेर बघत होते. दिवाळीला अकरा दिवस उरले होते.

लॉटरीच्या कार्यालयातला बाबू सज्जन होता. त्यानं नंबर पडताळला, उठून तिघांचं अभिनंदन केलं, चहा मागवला. मग तिकीट उलटं केलं.

“त्रिंबक दामोदर आगलावे,” त्यानं सावकाश वाचलं. “आप में से आगलावे जी कौन हैं?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकानं ती सही कितीतरी तालमींत बघितली होती. दोन लाखांचे आकडे मोजताना मागची बाजू कुणीच बघितली नव्हती.

“जी, मैं हूँ,” यशोधन म्हणाला. “मतलब... रात को होता हूँ.”

“आधार कार्ड?”

“उस नाम का नहीं है.”

“तो आगलावे जी को ले आइए. जिनके दस्तख़त, उन्हीं को पेमेंट.”

“भाईसाहब,” ताईंनी अधिकाराचा सूर लावला, “वो नाटक में हैं.”

“कोई बात नहीं मैडम,” बाबू नम्रपणे म्हणाला. “नाटक ख़त्म हो जाए, तब ले आइए. बस इसी महीने ले आइए.”

त्याला सगळं समजावून सांगायला पाऊण तास लागला. समजल्यावर तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं गोळा झाली. पण नियम हलला नाही. खाडाखोड चालत नाही, दुसरी सही चालत नाही. चहाचे पैसे मात्र त्यानं घेऊ दिले नाहीत.

परतीच्या वाटेवर गाडी पानिपतला थांबली. तिथे ढाब्यावर पराठे आले, लोणी वितळलं, तरी कुणी हात लावेना. मग यशोधनला आधी खुदकन, मग खोखो हसू फुटलं. “रात को होता हूँ! ताई, मी असं म्हणालो!”

“तुझ्या पेनात शाई नसती तर...” ताईंनी वळून काकांकडे बोट दाखवलं. “तुम्ही! तुमची ती पहिली रांग! डोळस माणूस शेवटी चंदीगडला बसला होता!”

आणि त्याही हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

काकांनी पराठ्याचा तुकडा मोडला. तो चावून झाल्यावर, पाणी पिऊन, त्यांनी विचारलं, “ताई, तो ठराव अजून आहे ना?”

“कुठला?”

“वस्तूंचा.”

“म्हणजे काय! ठराव केलाय तो. रद्द करायला सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल,” ताई अभिमानानं म्हणाल्या. “पण आता काय उपयोग त्याचा?”

“‘प्रत्येक वस्तू, कोणीही आणलेली असो,’” काकांनी शब्द न शब्द म्हटला. आयुष्यात पाठ केलेले हे त्यांचे पहिलेच संवाद. “‘साठवण व राखण अध्यक्ष स्वतःच्या निवासस्थानी करतील.’ सही तुमची आहे, माझीही आहे. चार ट्रंका आहेत. बुधवारी पाठवू की गुरुवारी?”

यशोधन लोणचं चाटायचं विसरला.

“तुम्ही विरोधात मत दिलं होतं,” ताई म्हणाल्या.

“दिलं होतं. तेव्हा ठराव नीट ऐकला नव्हता.”

ताईंनी कपाळाला हात लावला, मग पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मागच्या खोलीची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली. “बुधवारी. सकाळी. आणि झुरळं निघाली तर बघा!”

बुधवारी त्याच पानिपतच्या ट्रकवाल्यानं ट्रंका पोचवल्या. केतकीनं स्वतः त्या पुसून दिल्या आणि पहिल्या ट्रंकेत लाडवांचा डबा ठेवला. मागच्या खोलीत ताई उंबरठ्यावर उभ्या राहून नाक मुरडत बघत होत्या. काकांनी एक नंबरची ट्रंक उघडली, मऊ कापडातून एक पितळी करंडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. आत घडी केलेली चिठ्ठी, काकांच्या अक्षरात: ‘अरुणाताई, पहिलं काम, दुसरा प्रवेश. झाकण घट्ट आहे, आधी सैल करून देणे.’

ताईंनी झाकण फिरवलं. मग आत जाऊन फळ्या ठोकायला सुताराला फोन केला.

डिसेंबरात पुढचा प्रयोग लागला. तोवर तिकिटाची मुदत टळून गेली होती. पहिल्या अंकाआधी काकांनी तपकिरीची डबी उघडून, ताईंनी परत केलेलं ते तिकीट यशोधनला दिलं.

“काका, हे? ते दोन लाखांचं?”

“खरं आहे, म्हणून देतोय. सही झालेलीच आहे, तू वरून नुसतं पेन फिरव. आणि बाळा, या वेळी फाडायचं लक्षात ठेव.”

दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायकोनं टोमणा मारला. यशोधननं तिकीट वर धरलं, एकदा त्यावरचा नंबर वाचला आणि फाडलं. पहिल्या रांगेतलं कुणीतरी “अरेरे!” म्हणालं. विंगेत काका यादी घेऊन उभे होते. तुकडे खाली पडले तसं त्यांनी पेन्सिलीनं यादीतल्या ‘त्रेचाळीस: तिकीट’वर फुली मारली आणि पडद्याच्या माणसाला खूण केली.