पाचव्या ओळीतलं नाव

एस.टी. सुटायच्या आधी अप्पांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि खिडकीपासून चार पावलं लांब जाऊन ते उभे राहिले. आई, म्हणजे आमची अव्वा, खिडकीशी आली. माझ्या हातात एक गाठोडं देऊन म्हणाली, "होगि बा." आमच्या मैंदर्गीत निम्मं बोलणं कानडी. होगि बा म्हणजे जाऊन ये. नुसतं 'जा' तिथे कुणी म्हणत नाही.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दैनिकात मला मुद्रितशोधकाची नोकरी मिळाली होती. मजकूर छापण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. नोकरीसाठी एकटी बाहेर पडलेली मुलगी गावात त्याआधी कुणाला आठवत नव्हती. अप्पांनी सहा महिन्यांची मुदत घातली होती. तेवढ्यात बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि ते ठरवतील त्या घरी लग्न करून जायचं.

गावात राहिलेल्यांना यातलं बरंच ठाऊक आहे. माझ्यासारख्या निघालेल्यांना बाकीचं ठाऊक असेल. तरी क्रमाने सांगते.

गाठोड्यात मिलो होता. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी तांबडी परदेशी ज्वारी. आमच्या रेशन कार्डावर पाच ओळी होत्या. पहिली अप्पांची, दुसरी अव्वाची, तिसरी आजीची, चौथी थोरल्या अक्काची, पाचवी माझी. आजीच्या ओळीवर लाल रेघ आणि पुढे 'मयत'. अक्काच्या ओळीवर लाल रेघ आणि पुढे 'विवाह'. उरलेल्या तीन नावांवर धान्य मिळे. मी गेल्यावरही अव्वा माझ्या नावाचा वाटा उचलत राहिली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून तो ती दर पंधरा दिवसांनी कंडक्टरच्या हाती पाठवी आणि मी स्टँडवर जाऊन घेई. माझ्या पगारात खोलीचं भाडं बसत होतं, उघड्या बाजारातली ज्वारी बसत नव्हती. त्या गाठोड्यावर मी सोलापुरात टिकून होते.

घरमालकीण नरसम्मा विड्या वळायची. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. माझी पहिली मिलोची भाकरी तिने उचलून उन्हाला धरली. "ही भाकरी हाय का कौल? वर टाक की छपरावर, गळती थांबंल." पुढे तिनेच मला उकळत्या पाण्यात पीठ मळायला शिकवलं. तरीही भाकरीला कडेने भेगा पडतच. मला गावच्या मालदांडी ज्वारीची भाकरी आठवे, पांढरी, चुलीपुढे उभी केलेली. खरं तर तेव्हा घरीही मिलोच होता. आठवणीत मात्र घरी कायम मालदांडीच असे.

चौथ्या महिन्यात गाठोड्याबरोबर अप्पांची चिठ्ठी आली. पोरगी गावात राहत नाही आणि तिचं धान्य उचलतात, असं कुणीतरी दुकानदाराला सांगितलं होतं. माझं नाव कमी करावं लागणार होतं. सोलापुरात नवं कार्ड काढायलाही तेच लागे. नाव कमी केल्याचा दाखला, त्यावर जुन्या कार्डाचा नंबर. त्या नंबराशिवाय नवा नंबर मिळत नसे आणि नव्या नंबराशिवाय धान्य नसे.

अव्वाचा नाव कमी करायला विरोध होता. ती म्हणाली होती, "मेलेल्याचं कापत्यात, न्हाईतर लगीन झालेल्या पोरीचं. हिला काय झालंय?" अप्पा तिला न सांगता अक्कलकोटच्या कचेरीत गेले आणि दाखला पाठवून दिला.

मी तो नीट न वाचता रेशन कार्यालयात नेला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाकडून हे झालं. खिडकीतल्या कारकुनाने वाचला.

"नवऱ्याचा कार्ड नंबर?"

"लग्न झालेलं नाही."

त्याने दाखला माझ्याकडे फिरवला. "इथं तर झालंय."

कारणाच्या रकान्यात 'विवाह' लिहिलं होतं. रांगेत कुणीतरी हसलं.

"बाई, नवरा असेल तर त्याच्या कार्डावर नाव चढवा. नसेल तर दाखला खोटा आणि खोट्या दाखल्यावर नंबर मिळत नाही. काय ते ठरवा आणि या."

नरसम्माला यात अडचण दिसेना. "नवरा मुंबईला गिरणीत हाय म्हणून सांग की. हितं निम्म्या बायकांचे नवरे मुंबईलाच हायत. कोण बगायला जातंय?"

"आणि नाव काय सांगू?"

"काय बी सांग. चांगलं निवडून सांग, फुकटच हाय."

मी नाव शोधत बसले नाही. रविवारची गाडी धरून गावी गेले. गावाकडचं नाव कापलं गेलं होतं, सोलापुरात चढलं नव्हतं, आणि मुदतीचे दोन महिने उरले होते. अप्पांना विचारलं तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, "रांगेत मागं आपल्या गावची मानसं हुती. कारकून मोठ्यानं इचारत हुता, पोरगी का गेली म्हणून. मला लगीनच सुचलं."

अव्वाने विचारलं, "उद्या कचेरी किती वाजता उगडती?"

सोमवारी आम्ही तिघं अक्कलकोटला गेलो. मागे पुन्हा गावची माणसं होतीच. कारकुनाने विचारलं, काय काम आहे. अप्पांनी घसा साफ केला आणि मागे वळून पाहिलं. अव्वाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ही माजी धाकटी लेक. हिचं लगीन न्हाय झालेलं. सोलापुरात पेपरात नोकरी करतीया. तुमी लगीन लिवलंय, ते खोडा."

"मग कारण काय लिहू? मयत, विवाह, स्थलांतर. एवढीच कारणं आहेत."

अव्वाने माझ्याकडे पाहिलं. "तिसरं काय म्हनतोय?"

"गाव सोडून गेली, असं."

"सोडून न्हाय गेली," ती कारकुनाला म्हणाली. "सोलापुरात ऱ्हाती, एवढंच लिवा."

"मावशी, नवा शब्द काढायचा मला अधिकार नाही."

मागून एकजण म्हणाला, "अहो काकू, लिवू द्या की. गाडी चुकंल सगळ्यांची." अव्वाने वळूनही पाहिलं नाही. शेवटी होकाराची मान हलवली. कारकुनाने 'विवाह' खोडून 'स्थलांतर' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "चहा घिऊ या." गावच्या माणसांसमोर आम्ही तिघांनी हॉटेलात बसून चहा घेतला. अव्वाने हॉटेलात चहा घेतल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सोलापुरात कार्ड मिळालं. कुटुंबप्रमुखाच्या जागी माझं नाव, खाली सगळ्या ओळी कोऱ्या. नरसम्माने ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "एवढी मोठी चोपडी आणि मानूस येकच."

त्या पंधरवड्यात मी स्टँडवर गेले नाही. येण्यासारखं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी कंडक्टर विचारत विचारत छापखान्याच्या दारात आला. "बाई, आज आला न्हाईत? गाठोडं हाय की." कापड तेच, गाठ तीच. सोडून पाहिलं तर मिलो आधीच्या निम्म्यानेच होता.

पुढच्या खेपेला घरी गेल्यावर अव्वाला विचारलं, नाव तर कापलं, मग हे कुठलं? ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "माज्या नावचं हाय. मला लई लागत न्हाय आता." तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. मी नको म्हटलं, तरी मिलो बंद होईपर्यंत गाठोडं येत राहिलं.

सहा महिन्यांची मुदत संपली, तो विषय अप्पांनी काढला नाही आणि मीही नाही.

आता मी पुण्यात राहते. कार्ड तीनदा बदललं, दर वेळी नवा नंबर मिळाला. मैंदर्गीचं घर दुसऱ्या कुणाचं आहे. अव्वा गेली तेव्हा तिच्या ओळीवर रेघ ओढायला मीच अक्कलकोटला गेले होते. पाचव्या ओळीतलं माझं नाव रेघेखाली स्पष्ट वाचता येत होतं.

अर्ज भरताना अजून एक चूक होते. कार्ड नंबराच्या रकान्यात हात आधी मैंदर्गीचा नंबर लिहून मोकळा होतो. मग मी त्यावर रेघ ओढते आणि शेजारी आताचा लिहिते.