निम्मी घरपट्टी, दिवसाआड पाणी

कर कमी केला की धंदा वाढतो आणि धंदा वाढला की तिजोरी आपोआप भरते, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या गावातल्या गोदामवाल्या शेठकडून, ग्रामसभेत. बोलताना त्याच्या हातात वडापाव होता. सगळ्यांसाठी त्यानेच आणले होते.

आमचं गाव वडप्याच्या पुढे, हायवेला लागून. मी तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्य होते. शेठचं मागणं सरळ होतं : गोदामांची घरपट्टी निम्मी करा. मग नवी गोदामं येतील, घरटी एकाला काम लागेल आणि पंचायतीकडे आजच्यापेक्षा जास्त पैसा जमेल.

"आणि नाही जमला तर?" मी विचारलं. "पंपावरच्या काकांचा पगार आणि पंपाचं लाईटबिल त्यातूनच जातं. म्हणून नळाला रोज पाणी येतं."

"ताई, तुम्ही लय हिशोब करता. धंद्याला हिंमत लागते!"

लोक हसले. निम्म्यांच्या तोंडात वडा होता. हात वर झाले, त्यात माझाही होता. माझा पुतण्या घरी बसून होता आणि 'घरटी एक' हे शब्द मला गोड लागले होते.

त्याच दिवशी मी वहीत दोन याद्या सुरू केल्या. एकीत नवी गोदामं, दुसरीत काम लागलेली गावातली माणसं. गोदामं आली, खोटं कशाला बोलू? सहा आली. माणसांच्या यादीत तीन नावं चढली, तिन्ही वॉचमनची. माल चढवणारे-उतरवणारे ठेकेदाराने बाहेरून आणले. पुतण्या घरीच राहिला.

गोदामं दुप्पट झाली असती तरी निम्म्या दराने आम्ही होतो तिथेच राहिलो असतो. एवढं गणित चौथीतल्या पोरालाही येतं. दुप्पट तर झाली नाहीतच, उलट त्यांच्या ट्रकांनी गावचा रस्ता फोडला आणि गटार बुजवलं. तो खर्च वेगळा.

वर्षभराने शेठ पुन्हा हजर. "ओढ्यापलीकडच्या गावाने पट्टी अजून उतरवली. आमी तिकडं जाऊ का?"

गोदाम काय डोक्यावर घेऊन जाणार होता? पण सदस्य घाबरले आणि पट्टी आणखी उतरली. या वेळी मी हात खाली ठेवला. कुणाचं लक्षही गेलं नाही.

पुढे बिल थकलं. पाणी आधी दिवसाआड आलं, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. मी पंपावर गेले तर काका कुलपाशी बसले होते. म्हणाले, "माजी चूक न्हाय ताई. लाईट कापली. माजा पगार पन चार म्हैने न्हाय."

तेव्हा शेठ धावून आला. त्याने गावाला टँकर दिला, वर लाल-पिवळ्या अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून. पंचायतीने त्याचा सत्कार ठेवला. ज्यांची मडकी कोरडी होती त्या बायांनीच त्याला ओवाळलं. काका टँकरच्या पाइपावर कामाला लागले होते, शेठच्या पगारावर.

सत्कार झाल्यावर मी शेठला गाठलं. "पूर्वीसारखी पट्टी भरली असतीत तर टँकर लागलाच नसता."

तो मोकळेपणाने हसला. "पट्टी भरली असती तर माजं नाव कुनी घेतलं असतं, ताई?"

इतक्या वर्षांत तो खरं बोलला ते एवढंच.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला : घरपट्टी होती तेवढी करा, बिल भरा, पंप चालू करा. अनुमोदन मागितलं. शेजारच्या सदस्याने खुर्ची मागे सारली आणि माझी समजूत घातली, "आता टँकर हाय ना, ताई. नळाचं काय घेऊन बसलात?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठराव मतालाही गेला नाही.

घरी जाताना मी नाक्यावरून दोनशे लिटरचा ड्रम घेतला.