पिवळ्या बोयापर्यंत

बोयावाल्यांचं उभं आयुष्य रेषा आखण्यात गेलं. आधी रस्त्यांवर. रंगाची गाडी ढकलत ते पांढरे पट्टे मारायचे, आणि रंग वाळायच्या आत कुणीतरी त्यावरून चाक नेलेलं असायचं. निवृत्त झाल्यावर नगरपालिकेने त्यांना तलावावर नेमलं. आता रेषा पाण्यावर होती. पाण्यावर तरंगणारे पिवळे बोये, प्रत्येकाखाली दोर, दोराच्या टोकाला तळाशी बसलेला सिमेंटचा ठोकळा. किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत वॉटर स्कूटर चालवायची नाही, हा नियम. तो लोकांना दिसावा म्हणून हे बोये. आत आलेल्याला शिट्टी आणि दंड.

"रस्त्यावरची रेषा निदान पडून तरी राहायची," ते बायकोला म्हणत. "हिला रोज सकाळी जाऊन विचारावं लागतं, बाई, आज कुठे आहेस?"

त्यातून धक्क्याच्या पलीकडे वॉटर स्कूटर भाड्याने देणारा माणूस म्हणजे त्यांचाच जावई. लग्न ठरलं तेव्हा तो गॅरेजमध्ये काम करायचा. लग्न झालं आणि त्याने गॅरेज सोडलं. बोयावाल्यांना हे नेहमी फसवणुकीसारखंच वाटत आलं.

यंदा तलाव तुडुंब भरला. किनाऱ्याची जमीन सपाट, त्यामुळे पाणी हातभर चढलं तरी भलतंच मागे पसरे. गवत बुडालं, पायवाट बुडाली. एका सकाळी बसायच्या बाकांचे पाय पाण्यात होते. जावई तिथेच उभा राहून सासऱ्यांची वाट बघत होता.

"मामा, किनारा इथे आलाय. बोये मात्र उन्हाळ्यातल्या जागेवर. हे शंभर मीटर म्हणायचे?"

"जास्त असतील."

"मग आत घ्या ना. नियम तुमचाच आहे."

"शंभरच्या आत यायचं नाही, एवढं नियम सांगतो. त्याहून लांब राहिलात तर काय काटे टोचतात?"

"काल माझ्या गिऱ्हाइकाला दंड लावलात. तो बोयाच्या आत होता, पण शंभरच्या बाहेर होता!"

"मग त्याला पुढच्या वेळी पट्टी घेऊन पाठव."

जावयाने कपाळाला हात लावला. "तुमच्याशी बोलणं म्हणजे मोटार बंद करून स्कूटर ढकलणं."

बोये लांब ठेवण्यामागे बोयावाल्यांचं एक कारण होतं, पण ते जावयाला सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्यांची बायको रोज सकाळी या बाजूला पोहायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी खिडकीतून तलावाकडे बोट दाखवून सांगितलं होतं, त्या पिवळ्या बोयाला हात लावायचा आणि परत यायचं, रोज. उन्हाळ्यातली गोष्ट. आता ती पाण्यात असताना त्या धडधडणाऱ्या यंत्रांपासून जितकं पाणी मध्ये राहील तितकं बरं, असा बोयावाल्यांचा हिशेब. हिशेबात चूक काढायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

फक्त हल्ली ती उशिरा परतायची. चहा गार व्हायचा.

"कुणाशी गप्पा मारत बसतेस?"

"पाण्यात कोण भेटणार मला? अहो, तो बोया लांब गेल्यासारखा वाटतो."

"बोया जागेवरच आहे. मी रोज बघतो."

"असेल," ती केस पुसत म्हणाली. "मग मीच म्हातारी झाले असेन."

"ते तर झालीसच," ते म्हणाले, आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

चार दिवसांनी ते धक्क्यावर दोर तपासत बसले होते. दूर एक स्कूटर घरघरत होती, ती अचानक बंद पडली. त्यांनी मान वर केली. बोयाला लागून, बाहेरच्या बाजूने, जावयाची स्कूटर उभी होती. आणि बोयाला दोन्ही हातांनी मिठी मारून त्यांची बायको.

ते होडीत कसे बसले ते त्यांना नंतर आठवेना.

"अरे, बघतोस काय? उचलून आण तिला!"

"मामी बसत नाहीत!" जावई ओरडला. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "नको म्हणतात!"

ती धापा टाकत होती. ओठ पांढरे पडले होते. तरी नवरा जवळ येताच म्हणाली, "आत स्कूटर आणली... तर दंड लावाल ना त्याला. लेकीचा संसार आहे."

"नियम गेला खड्ड्यात!" बोयावाले ओरडले. पाण्यावर आवाज लांबवर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच ते असं म्हणाले होते, आणि ऐकायला नेमका जावई होता.

दोघांनी मिळून तिला होडीत घेतलं. जावयाने स्कूटर बोयाला बांधली, पाण्यात उडी मारली आणि होडी मागून रेटू लागला. बोयावाले वल्ही मारत राहिले. वल्हवणाऱ्याची पाठ किनाऱ्याकडे असते. त्याला दिसतं ते मागे पडणारं पाणी. बोया लहान होत गेला, आणखी लहान झाला, आणि किनारा येता येईना. त्यांचे खांदे भरून आले. एवढं अंतर. रोज जायचं आणि पुन्हा यायचं. बरा झालेला एक गुडघा घेऊन.

डॉक्टरांनी तपासलं, विशेष काही नाही, दमल्या आहेत म्हणाले. दोन दिवस विश्रांती.

दुपारी सासरे-जावई होडी घेऊन निघाले. ठोकळे वर ओढायचे, आत आणून टाकायचे. दुसऱ्या ठोकळ्याला जावयाला राहवेना.

"मी म्हटलं होतं, मामा."

"दोर ओढ."

"नाही, नुसतं आठवण म्हणून."

"तुझी आठवण पाण्यात टाकीन आता. ओढ."

दोन दिवसांनी ती पुन्हा पाण्यात उतरली. बोयावाले काठावर टॉवेल धरून उभे. ती गेली, पिवळ्या बोयाला हात लावला आणि परत आली. कमरेएवढ्या पाण्यात थांबून म्हणाली, "हे काय, इतक्यात झालं?"

"झालं. चल, चहा."

"छे. याला काय पोहणं म्हणायचं? दोनदा जाते."

"अगं, हात लावून परत, असं म्हणाले ना डॉक्टर?"

"त्यांना काय माहीत तुम्ही बोये हलवता ते!"

आणि वळून ती निघालीसुद्धा. बोयाच्या पलीकडे, आता बरीच जवळ, जावयाच्या स्कूटर घरघरू लागल्या होत्या. बोयावाल्यांनी टॉवेल बाकावर आपटला, शिट्टी दातात धरली आणि होडी सोडायला धावले.