पेजेतली गोळी

बाळकुमच्या मिठागरावरचा एक मृत्यू निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. दारूबंदी लागू होऊन काही वर्षं झाली होती. मी ठाण्यात फौजदार होतो. एका दुपारी खबऱ्याने सांगितलं, की हळदीच्या मांडवामागे तिवरांत चोरून पिताना एक मीठकामगार जागीच मेला. दारूत विष होतं, असं त्याचं म्हणणं.

पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि ती दारू गाळणाऱ्या भट्टीवाल्याला उचललं. त्याला चांगलंच दमात घेतलं. तो एकच सांगत राहिला, की त्याच डब्यातली दारू आणखी पाच जण प्यायले. पाचही जणांना बोलावलं, तर सगळे धडधाकट. त्यांचे जबाब मात्र जुळत होते. दोन घोटांत मयताचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, ओकारी झाली आणि तो कोसळला. दुसऱ्या दिवशी भट्टीवाला आपणहून म्हणाला, की पिण्याआधी मयताने सांगितलं होतं, "गोली सोरून आठ दिस झाले. आता काय होत नाय."

कसली गोळी, हे विचारायला मी मयताच्या बायकोकडे गेलो. तिने कौलाखालून डबी काढून दिली. दारू सुटावी म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी नव्यानेच आलेलं ते औषध दिलं होतं. गोळी घेतल्यावर दारू प्यायली, की शरीर ती सोसत नाही. चार महिने त्याने नेमाने गोळी घेतली. कामावर जाऊ लागला. चार महिन्यांत एकदाही हात उचलला नाही, असं ती खाली बघत म्हणाली. मग भावाची हळद ठरली आणि त्याने गोळी थांबवली.

"मग मीच कुटून पेजंत घालाय लागले, सायेब. डाक्तर बोलला व्हता, गोली चुकवू नको. चुकली तं मरंल, असा वाटला मना."

दारूने काय होईल, ते डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं होतं. तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

रासायनिक तपासणीत विष निघालं नाही. गोळी थांबवल्यावरही तिचा अंमल बरेच दिवस राहतो, त्यामुळे त्याने स्वतः घेतलेल्या की तिने घातलेल्या, कोणत्या गोळीने घात केला ते सांगता येणार नाही, असं शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले. मी अकस्मात मृत्यूचा अहवाल पाठवला, तो मंजूर झाला. भट्टीवाल्यावर फक्त दारूबंदीचा खटला राहिला.

हे सगळं सांगायला मी तिच्याकडे गेलो. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याला कलला का, मी घातली ती?"

भट्टीवाल्याच्या जबाबाची शेवटची ओळ मला पाठ होती. पडता पडता तिचा नवरा म्हणाला होता, "हिनं पेजंत घातली."

मी म्हणालो, "नाही. त्याला काही कळलं नाही."

खरं वदवून घेण्यात माझी सारी नोकरी गेली. कोणाला काय सांगितलं गेलं होतं, हे आधी विचारावं आणि त्याने काय केलं ते मागून, एवढं या प्रकरणाने शिकवलं. ते खोटं मी पुन्हाही बोलेन.