कोरड्या तळ्याखालची मंडळी

झूलॉजीच्या मॅडम बेडकाला ‘अहो’ म्हणत आणि आम्हाला ‘ए’. “अहो, जरा पाठ दाखवा,” म्हणत त्या ओंजळीतला बेडूक उजेडाकडे वळवायच्या आणि मला विचारायच्या, “ए, कोण आहेत हे?”

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उत्तर येत असलं तरी तोंड उघडायची भीती वाटे. “मोठा आहे, म्हणजे बुलफ्रॉग,” मी एकदा पुटपुटले.

“मोठे तर आपले प्राचार्यही आहेत. आकारावर जाऊ नकोस. पाठीवर लांबट, तुटक घड्या आहेत, मधून फिकी रेघ आहे, म्हणून बुलफ्रॉग. आता म्हण, मोठ्याने.” मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला.

हडपसरच्या पुढच्या तळ्यावर त्या आम्हाला नेत. उन्हाळ्यात ते आटायचं, तरी नेत. भेगाळलेल्या चिखलावरून चालताना बजावत, “हळू! खाली मंडळी झोपलीत. मोठा पाऊस लागला की वर येतील. नर तर हळदीला बसल्यासारखे पिवळे होतात.”

माझ्या शेवटच्या वर्षी मे महिन्यात तिथे आयटी पार्कसाठी मुरुमाचे डंपर आले. मॅडम मला घेऊन जमिनीच्या मालकांकडे, अण्णांकडे गेल्या. “पाऊस पडेपर्यंत थांबा. ते वर आले की मी उचलून नेते.”

अण्णा वाईट नव्हते. चहा पाजला. मग हसून म्हणाले, “मॅडम, हितं पाण्याचा थेंब न्हाय. झोपल्यात म्हणता, तर उठवा की! ह्या पोरीलाच उद्या हितं नोकरी लागंल.” मला नोकरी हवीच होती. मी कपातला चहा संपवला.

तळं बुजलं. पाऊस लागला, तेव्हा आजूबाजूच्या शेतांत झोपलेले नर मात्र आले. नव्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून, पिवळेजर्द, ओरडत राहिले. रस्त्यावर कितीतरी चिरडले होते. आम्ही उरलेले बादलीतून लांबच्या ओढ्यात सोडले, पण सकाळी काही पुन्हा भिंतीशी हजर! “पलीकडे पाणी आहे असंच वाटतंय त्यांना,” मॅडम म्हणाल्या. त्या रोज येऊ लागल्या.

एका सकाळी भिंतीशी कुणीच नव्हतं. मला फार बरं वाटलं. “मॅडम, कळलं त्यांना! गेले दुसरीकडे.”

मॅडमनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या. बराच वेळ पदर डोळ्यांना लावून होत्या.

“कळलं नाही गं त्यांना,” त्या म्हणाल्या. “संपले.”