पहिलीचं नवं पुस्तक

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आणि मी काही पोटात ठेवणारी बाई नाही हो, तोंडाळ म्हणूनच सगळे ओळखतात मला. पण हे एक तोंडाशी आलं की गिळत आले.

तेव्हा मी कडा गावाच्या आतल्या बाजूला, वस्तीवरच्या शाळेत होते. खोली एकच, पहिली ते चौथी तिच्यातच, आणि शिकवणारी मी एकटी. तिसरीला भागाकार द्यावा तर पहिलीतलं कुणीतरी भोकाड पसरायचं. त्याचं नाक पुसेस्तोवर मागे मारामारी. वर मोबाईलवर माहिती भरा — आत्ताच्या आत्ता!

अशात राणी होती, हे माझं नशीब. तिसरीतली पोर. आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे, तिलाही न्यायचे, म्हणजे दरवर्षी निम्मी शाळा बुडालेली. पण पहिलीची पोरं सांभाळावीत तर तिनंच. समोर उभी राहायची, पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवत खणखणीत वाचायची, पोरं मागून म्हणायची. मी निर्धास्त.

ती चौथीत गेली त्या जूनमध्ये पहिलीचं पुस्तक बदलून आलं. पहिल्या पानावर कोंबडी आणि पिल्लं तशीच होती, धडा मात्र नवा. राणीनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली — जुना धडा! अक्षरन् अक्षर जुना. छापलेलं एक, ही म्हणतेय भलतंच, आणि पोरं तिच्यामागून ओरडतायत.

माझ्या हातातला मोबाईल तसाच राहिला. अगं बाई! हिला वाचताच येत नाही? काहीच? एकाच खोलीत बसून तीन वर्षं पहिलीचं पुस्तक कानावर पडलेलं, ते पाठ झालेलं — आणि मी त्याला वाचन समजत होते? मी चरकले. तिनं वर पाहिलं. मी मान खाली घातली.

इथवर फार तर माझं दुर्लक्ष म्हणाल. पण थांबा — पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी मी तिला शाळा भरायच्या आधी बोलावलं. शिकवायला? छे! नवा धडा मी तिला दोनदा वाचून दाखवला, बोट कुठल्या शब्दाला कुठं न्यायचं ते दाखवलं. तिला पाठ झाला. मग रोज तेच. अक्षरं शिकवायला बसले असते तर पहिलीला कोण बघणार होतं? वर्षभर मी हे केलं. जाणूनबुजून. साहेब येऊन गेले, मोठी मुलं लहानांना किती छान शिकवतात म्हणाले, आणि मी हसत चहा दिला.

दिवाळीनंतर तिची आई दारात आली. “म्याडम, हिला नेऊ का ठिवू? तुमी म्हनताल तसं.”

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, ठेवा, पोरगी लई हुशार आहे. केवढी हरखली ती माउली! पोरीला मावशीपाशी ठेवून गेली, माझ्या शब्दावर. चौथीच्या निकालावर मी ‘अ’ श्रेणी लिहिली. पाचवीला राणी मोठ्या गावच्या शाळेत गेली. तिथं पहिल्याच आठवड्यात तिला उभं करून धडा वाचायला लावला. वर्ग हसला म्हणे. ती पुन्हा शाळेत गेली नाही, त्या साली आई-बापाबरोबर उसाच्या फडात गेली. हे मला कळलं, आणि मी तिच्या घरी गेले नाही.

परवा कड्याच्या स्टँडवर एका बाईनं विचारलं, ही आष्टीची का? कडेवर लेकरू, समोर एसटीची पाटी एवढी मोठी. मी वळले, आणि तिनं मला ओळखलं.

रागावली असती तर बरं झालं असतं हो. ती हसली. म्हणाली, “म्याडम, नवं पुस्तक आलतं तवाच तुमाला कळलतं ना? मला वाटलं, आता तुमी मला पह्यलीच्या पोरांत बसवताल. मी दप्तर बी उचलून ठुलतं.”

तिनं पुन्हा विचारलं, आष्टीचीच ना? मी पाटी वाचून हो म्हणाले. ती लेकराला घेऊन चढली.