मूळ दुकान आणि खरं मूळ दुकान

आमच्या कुरामिनेत, कान्नोन देवीच्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर दांगोची दोन दुकानं आहेत, समोरासमोर. काडीला टोचलेले तांदळाचे गोळे निखाऱ्यावर भाजायचे, वर अक्रोड घातलेली मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गोडसर चटणी फासायची. दोन्हीकडे तेच. डावीकडच्या पाटीवर ‘मूळ दुकान’. ते फुसाए मावशीचं. उजवीकडे ‘खरं मूळ दुकान’. ते तोयोनो काकूंचं. दोघींच्या आज्या सख्ख्या बहिणी. त्यांचं कशावरून बिनसलं ते दोघींनाही ठाऊक नाही, पण चूक समोरच्या आजीची होती याबद्दल दोघींनाही शंका नाही.

नागोयाहून सहलीची बस आली की खेळ सुरू.

“या, या! तिकडची चटणी कालची आहे!”

“आणि तिकडची बाई मागच्या शतकातली!”

“तुझ्यापेक्षा लहान आहे मी, तोयो!”

“चेहऱ्याला सांगितलंस का ते?”

लोक हसायचे, निवाडा करायला म्हणून दोन्हीकडे खायचे, आणि देवदर्शनाला उशीर करून घ्यायचे. माझं अगरबत्तीचं दुकान मावशीला लागूनच. मला हा प्रयोग रोज फुकट.

मग तोयोनो काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लेक हिसायो त्यांना नागोयाला घेऊन गेली आणि ‘खरं मूळ दुकान’चं शटर खाली आलं. मावशीचं फावलं, असं सगळे म्हणाले. मावशीसुद्धा चार दिवस ताठ मानेनं वावरली. पण आता लोक यायचे, एक काडी घ्यायचे, फोटो काढायचे, जायचे. कोणी निवाडा करायला थांबेना.

एका संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. “अगं, आज दिवसभरात मला कुणी थेरडी म्हणालं नाही.”

“मी म्हणू?”

“तुला जमायचं नाही. त्याला घराणं लागतं.”

तिथूनच तिनं नागोयाला फोन लावला. आवाज मोठा ठेवायची तिला सवय, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

“तोयो, परत ये की.”

“कशाला? इथे लिफ्ट आहे. न्हाणीघर बोलतं माझ्याशी. ‘पाणी तापलंय’ म्हणतं.”

“उलटून बोलतं का?”

“नाही.”

“मग काय उपयोग त्याचा!”

 मग काकू हळूच म्हणाल्या, “आता नाही गं व्हायचं माझ्याच्यानं,” आणि फोन ठेवला.

मावशीचा चेहरा उतरला. “ऐकलंस? उलट उत्तर दिलं नाही तिनं. मऊ पडत चाललीय. तिला परत आणायलाच हवं.”

मेपलची पानं लाल झाली तशी एका सहल कंपनीनं आगाऊ दांगो सांगायला फोन केला. नागोयाच्या एका उपनगरातलं महिला मंडळ येणार होतं. हिसायोच्याच उपनगराचं नाव ऐकून मावशीनं कान टवकारले. “त्यात कोणी तोयोनोबाई आहेत का हो? आहेत? वा, वा!” फोन ठेवून तिनं माझ्याकडे तेलाची बुधली मागितली. कशाला, ते काही सांगितलं नाही.

सहलीच्या दिवशी कंपनीच्या झेंडावाल्या मुलीमागून बायका चढत आल्या, प्रत्येकीच्या गळ्यात नावाचा बिल्ला. सगळ्यात मागे काठी, मोठी टोपी आणि मास्क. आपल्याला कुणी ओळखणार नाही असं काकूंना वाटत असावं.

मावशीनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं सूर लावला.

“बायांनो, चटणीत अक्रोड घालायची युक्ती माझ्या आजीची बरं का! समोरचीनं ती खिडकीतून बघून उचलली. तिच्या नातीला तर तेवढंही जमलं नाही. गोळे कच्चे, चटणी करपलेली. जाऊ दे. गेली बिचारी.”

“अगं बाई! गेली?” एका बाईनं हात जोडले.

“नागोयाला.”

“ए फुसा!” मास्क खाली आला, टोपी पायऱ्यांवर पडली. “कच्चे? माझे गोळे कच्चे? थांब, दुकान उघडते आणि दाखवते!”

काकू काठी आपटत शटरपाशी गेल्या आणि रागारागानं त्यांनी ते ओढलं. एरवी दोन माणसांना न जुमानणारं शटर एका हातानं सरकलं. आत निखारे लाल होते. टोचलेल्या काड्या परातीत तयार. शेगडीपाशी, गुडघा वाकवावा लागू नये असं एक उंच स्टूल.

काकू बघतच राहिल्या. “हे कुणी केलं?”

“कान्नोनची कृपा,” मावशी आपल्या काड्या फिरवत म्हणाली.

“निखारे असे एका अंगाला ढकलायची घाणेरडी सवय कान्नोनला नाही.” काकूंनी डोळे पुसले, चिमटा उचलला आणि निखारे सारखे केले. “या बायांनो, इकडे! भाजणं म्हणजे काय ते बघा. समोर नुसता धूर!”

“धूर दिसतोय म्हणजे नजर शाबूत आहे म्हातारीची!”

सगळं मंडळ हसत, खात, इकडून तिकडे धावायला लागलं. देवळात किती जणी पोचल्या देव जाणे. उन्हं कलली, झेंडावाली खालून ओरडली, “तोयोनो काकू, बस सुटतेय!”

“सुटू दे गं. हिला एकटीला सोडलं तर ही देवळाचाही इतिहास बदलेल.”

अंधार पडता पडता त्यांचा फोन वाजला. हिसायो नागोयाच्या थांब्यावर उभी होती.

“आई, बस आली. तू कुठे आहेस?”

“कामावर,” काकू म्हणाल्या. “ठेव आता, गिऱ्हाईक उभं आहे.”

गिऱ्हाईक म्हणजे फुसाए मावशी होती. समोरचा दांगो तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मागितला होता.